आगरकर नव्हे, आघारकर

पुण्यात लॉ कॉलेज रस्ता म्हणून जो ओळखला जातो, त्याचं पाटीवरचं नाव गोपाळ गणेश आगरकर पथ. त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. पत्ता लिहिताना एकाच ओळीत आघारकर आणि आगरकर दोन्ही येतात आणि बहुतेकांना वाटतं, छपाईची चूक झाली. मीही वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला असताना तसंच समजत होतो. सुधारकवाले आगरकर, त्यांच्याच नावाची ही संस्था असणार, मधला काना आणि घ कुणीतरी चुकून टाकला असेल, असा माझा समज. पुढे कधीतरी कळलं की हे गृहस्थ वेगळे. टेंभूचे नव्हेत, मालवणचे. आमच्याच किनाऱ्यावरचे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवणला झाला. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हताच, तो 1981 मध्ये झाला. त्या काळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. त्याच वर्षाच्या जानेवारीत, तिकडे ब्रुन शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा धर्मगुरू वारला होता. वाटाण्याच्या फुलांचे संकर करून त्यानं आनुवंशिकतेचे नियम शोधले होते, पण त्याच्या मृत्यूच्या वेळी जगातल्या कुणाही शास्त्रज्ञाला त्याचं मोल कळलेलं नव्हतं. ते कळलं 1900 मध्ये. म्हणजे आघारकर शाळकरी मुलगा होते तेव्हा. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं यापेक्षा चांगला मुहूर्त नसावा: शास्त्राच्या एका शाखेचं बारसं आणि त्याचं महाविद्यालयीन शिक्षण साधारण एकाच वेळी झालं.

शिक्षण धारवाडला आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची थिओडोर कुक यांनी लिहिलेली जाडजूड सूची 1901 ते 1908 या काळात भागाभागानं प्रसिद्ध होत होती. त्याआधी सह्याद्रीतलं एखादं रोपटं हातात आलं तर ते ओळखायला हूकर यांच्या साऱ्या हिंदुस्थानच्या सात खंडी ग्रंथात शिरावं लागे. कुक यांचा ग्रंथ आल्यावर मुंबईच्या विद्यार्थ्याला आपल्या घाटात, आपल्या पायवाटेवर उभं राहून वनस्पतीला नाव देता येऊ लागलं. शिक्षण संपवून आघारकर एल्फिन्स्टनमध्येच जीवशास्त्र शिकवू लागले आणि सुट्ट्या पडल्या की घाट चढू लागले.

त्यांना नाव मिळालं ते मात्र फुलापानांमुळे नव्हे. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या खोऱ्यात, नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडली.

मालवणच्या माणसाला जेलीफिशचं कौतुक ते काय? रापण ओढली की जाळ्यात ती येतेच, अंगाला लागली की खाज सुटते, मासेमार वैतागून तिला वाळूवर फेकतात. पण ही समुद्रातली. समुद्रापासून कित्येक मैल आत, घाटमाथ्याच्या पलीकडे, उन्हाळ्यात नदीची धार तुटून उरलेल्या डोहात नाण्याएवढी, काचेसारखी पारदर्शक छत्री उघडझाप करत पोहताना दिसली तर कुणीही दचकेल. खारं पाणी काय आणि त्याच्यात जन्मणारे जीव काय, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला तर जास्तच. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अॅनंडेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं लिम्नोक्निडा इंडिका. नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात 1912 मध्ये या शोधाची वार्ता छापून आली.

एवढ्याशा प्राण्याचं एवढं अप्रूप का, हे सांगायला हवं. लिम्नोक्निडा हे कुळ तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होतं. टांगानिका सरोवरात 1883 साली एका जर्मन प्रवाशानं ती पाहिली, तेव्हा काही शास्त्रज्ञांनी असं मांडलं की हे सरोवर एके काळी समुद्राचाच भाग असणार. नाहीतर आफ्रिकेच्या पोटात जेलीफिश कुठून येणार? आता तीच जात, थोड्या फरकानं, सह्याद्रीत निघाली. मधे आख्खा अरबी समुद्र. योगायोग असा की त्याच 1912 च्या जानेवारीत जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हा विचार पहिल्यांदा जाहीरपणे मांडला आणि भूगर्भशास्त्रज्ञांची थट्टा ओढवून घेतली. भारत, मादागास्कर आणि आफ्रिका एके काळी एकाच विशाल भूखंडाचे तुकडे होते आणि भारत मादागास्करपासून सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी तुटून उत्तरेकडे निघाला, हे आज शाळेत शिकवतात. एका जेलीफिशवरून खंडांचा इतिहास ठरत नाही हे खरं. पण असे सुटे सुटे दाखले साचत जातात, आणि मग एक दिवस थट्टा थांबते.

या शोधामुळे कोलकात्याची दारं उघडली असं म्हणायला हरकत नाही. तिथं सर आशुतोष मुखर्जी विद्यापीठात विज्ञान महाविद्यालय उभं करत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी त्यासाठी लाखो रुपये दिले. देणगीला अट एकच मोठी होती: या पैशांतून नेमले जाणारे प्राध्यापक हिंदी असले पाहिजेत. त्या काळी वरच्या शैक्षणिक जागा साहेबांसाठी राखून ठेवल्यासारख्या असत, हे लक्षात घेतलं म्हणजे अटीची धार कळते. याच दानातून पालित प्राध्यापक म्हणून पुढे चंद्रशेखर वेंकट रामन आले. वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक म्हणून निवड झाली आघारकरांची. आणि नव्या प्राध्यापकांना आधी युरोपात जाऊन आधुनिक संशोधन शिकून यायला पाठवायचं ठरलं.

आघारकर बर्लिनला गेले. साल 1914.

पुढचं सांगायला नको. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजानन म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रू, मग तो मालवणचा का असेना. त्यांना नजरकैदेत राहावं लागलं. घोष प्राध्यापकांपैकी पदार्थविज्ञानाचे देवेंद्रमोहन बोस हेही तसेच बर्लिनमध्ये अडकले होते. ज्या साम्राज्यानं आपल्याला गुलाम केलं, त्याच साम्राज्याचे म्हणून दुसऱ्यानं आपल्याला धरून ठेवायचं, ही अवस्था मला फार चमत्कारिक वाटते. घरून पत्र येणार ते युद्धाच्या लहरीवर. उपासमारीच्या त्या बर्लिनमध्ये, सलगम खाऊन लोकांनी हिवाळा काढला त्या शहरात, आघारकरांनी अभ्यास मात्र सोडला नाही. तिथूनच त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

गुरू होते आडोल्फ एंग्लर, बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे संचालक, आणि त्या काळातलं वनस्पतींच्या वर्गीकरणातलं सगळ्यात मोठं नाव. आघारकरांचा विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या, अर्धकोरड्या आणि खारवट जमिनींत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कशानं होतो आणि त्या मूळच्या कुठल्या. म्हणजे राजस्थान, सिंध, पंजाबकडच्या वाळवंटातली झाडं. त्यांचं बी वाऱ्यानं जातं का, पाण्यानं, का जनावराच्या अंगाला चिकटून? रुईच्या बियांना रेशमी तुरा असतो, सराट्याच्या फळाला काटे. ज्या झाडाचं बी जसं फिरतं, तसा त्याचा मुलूख ठरतो. झाडाला पाय नसतात, त्याचा सगळा प्रवास एकदाच, बी असताना.

खारवट जमिनीतलं झाड ही गोष्ट मालवणच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. खाडीत भरतीचं पाणी ज्याच्या कमरेपर्यंत चढतं ते तिवराचं झाड बघा. त्याच्या पानावर जीभ लावली तर खारट लागते, कारण आत शिरलेलं मीठ ते पानावरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतं. आपल्या शरीरात हे काम मूत्रपिंडं करतात. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, लांब शेंगेसारखा कोंब लटकतो आणि मग खाली चिखलात पडून उभा राहतो किंवा ओहोटीबरोबर निघून जातो. वाळूवरची मर्यादवेल आपलं बी समुद्रावर सोडून देते. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक किनाऱ्यांवर ती आढळते ती त्यामुळेच. आघारकरांनी प्रबंध वाळवंटाकडच्या वनस्पतींवर लिहिला. पण पाणी समोर आहे आणि पिता येत नाही, या अवस्थेतल्या झाडाचं कोडं त्यांनी पहिल्यांदा कुठं पाहिलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. माझा आपला अंदाज.

एंग्लर यांच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यांच्या निमित्तानं एक मजेदार वाद समजतो. फुलं येणाऱ्या वनस्पतींत सगळ्यात जुनं, मूळचं फूल कुठलं, हा तो वाद. एंग्लर यांची मांडणी सरळ होती: जे साधं ते आधीचं, जे गुंतागुंतीचं ते नंतरचं. म्हणून त्यांनी द्विदल वनस्पतींच्या यादीत पहिला मान कुणाला दिला असेल? सुरूला! आपल्या तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर सुरूची जी बनं आहेत, तो सुरू. त्याच्या फुलाला पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही, परागकण वाऱ्यावर उडतात. इतकं साधं, म्हणून सगळ्यात प्राचीन. उलट बाजूच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की साधेपणा दोन प्रकारचा असतो. काहींजवळ मुळातच काही नसतं, आणि काहींजवळ असलेलं नाहीसं झालेलं असतं. सुरूचं फूल दुसऱ्या जातीचं. मूळ फुलाचा नमुना बघायचा तर सोनचाफा बघावा: पाकळ्या कोणत्या आणि पाकळ्यांखालची दलं कोणती हे वेगळं सांगता येत नाही, सगळं जिन्याच्या पायऱ्यांसारखं एका दांड्याभोवती गोल गोल चढत गेलेलं.

हा वाद पुस्तकांतून पन्नास-साठ वर्षं चालला. निकाल लागला तो शतकाच्या शेवटी, जनुकांची तुलना करता येऊ लागल्यावर. 1999 च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी झाडांच्या डीएनएवरून वंशावळी मांडल्या. सगळ्यात जुनी फांदी निघाली प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अँबोरेला नावाच्या झुडपाची, तिच्या पाठोपाठ कमळासारखी दिसणारी आपली कुमुदिनी. सोनचाफ्याचं घराणंही जुन्यांतलंच ठरलं. सुरू मात्र कितीतरी नंतरचा, ओक आणि अक्रोड यांच्या गोतावळ्यातला. एंग्लर यांचा निष्कर्ष इथं चुकला. त्यांनी गोळा केलेली माहिती चुकीची नव्हती, तिचा क्रम उलटा लावला गेला होता. आम्हा डॉक्टरांच्याही हे नेहमी वाट्याला येतं; सगळ्या तपासण्या बरोबर असतात आणि निदान चुकतं.

फूल घडतं कसं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. तुमच्या परसात दोन जास्वंदी असतील. एक साधी, पाच पाकळ्यांची, मधून तुरा आलेली. दुसरी भरगच्च, पाकळ्यांत पाकळ्या. भरगच्च जास्वंदीत तुऱ्यावरचे पुंकेसर शोधून पाहा, ते कमी सापडतील; कारण पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. असं का होतं? 1991 मध्ये दोन प्रयोगशाळांनी मोहरीच्या जातीचं एक छोटं रोपटं आणि कुत्रीचं फूल म्हणून बागेत लावतात ते स्नॅपड्रॅगन यांच्या विकृत फुलांवरून याचं उत्तर दिलं. जनुकांचे तीन गट असतात. पहिला एकटा असला तर हिरवी दलं होतात, पहिला आणि दुसरा मिळून पाकळ्या, दुसरा आणि तिसरा मिळून पुंकेसर, तिसरा एकटा असला की स्त्रीकेसर. तिसरा गट बंद पडला की पहिला त्याच्या जागेवर पसरतो, आणि पुंकेसराच्या जागी पाकळी उगवते. फुलाचे सगळे भाग मुळात पानंच आहेत, हे जर्मन कवी गटे यानं 1790 मध्ये लिहून ठेवलं होतं. हे तिन्ही गट एकदम बंद केले की खरोखरच फुलाच्या जागी पानं येतात.

या जनुकांच्या कुळाला चार आद्याक्षरांवरून मॅड्स असं नाव आहे. पहिलं अक्षर यीस्टच्या जनुकाचं, मधली दोन त्या दोन रोपट्यांच्या जनुकांची, आणि चौथं माणसाच्या. माणसातलं हे जनुक हृदयाचे स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती घडवण्याच्या कामी येतं. जास्वंदीची पाकळी आणि तुमच्या हृदयाचा स्नायू, दोन्हीकडे एकाच खानदानातले मुकादम राबतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओपीडीची वेळ झाली होती आणि उठवत नव्हतं.

आघारकरांनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांच्या काळात डीएनएची रचनाच मुळी 1953 मध्ये कळली. पण ज्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत, ते प्रश्न बर्लिनला त्यांच्या गुरूच्या टेबलावर होते.

युद्धानंतर ते कोलकात्याला परतले आणि 1946 पर्यंत तिथंच विभाग चालवला. विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग उभा करणं, विद्यार्थी घडवणं, वनस्पतींचे वाळवलेले नमुने जमवणं, संस्थांच्या बैठका. भारतीय विज्ञानाची मध्यवर्ती अकादमी 1935 साली कोलकात्यात स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत ते होते. ही वर्षं बाहेरून बघणाऱ्याला सपाट वाटतील. शेवटची मात्र सपाट नव्हती. मार्च 1943 च्या एका रात्री दोस्तराष्ट्रांच्या बाँबहल्ल्यात बर्लिनचं वनस्पती संग्रहालय जळालं. एंग्लर यांच्या हयातीत आणि त्याआधी जगभरातून जमवलेले लाखो वाळके नमुने एका रात्रीत राख झाले. ज्या कपाटांसमोर आघारकरांनी नजरकैदेतली वर्षं काढली, ती कपाटं गेली. आणि त्याच साली ते राहत होते त्या बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मेली. त्याची कारणं अनेक, युद्धाची, सरकारची, साठेबाजांची. पण 1942 च्या भातावर एका बुरशीनं तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला होता, हेही त्यांपैकी एक. पिकावरच्या रोगाची किंमत माणूस कशी चुकवतो, हे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला कोलकात्याच्या फुटपाथवर दिसत होतं.

निवृत्त झाले तेव्हा वय 61. या वयात आमच्याकडे लोक येतात ते रक्तदाबाची गोळी सकाळी घेऊ की रात्री, हे विचारायला. आघारकर पुण्याला आले आणि 1946 मध्येच त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू केली. नमुना डोळ्यांपुढे होता: कोलकात्याची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, जिथं रामन यांनी आपलं नोबेलचं काम केलं. ती संस्था 1876 मध्ये एका डॉक्टरनं, महेंद्रलाल सरकार यांनी, सरकारी पैशावर न विसंबता लोकांच्या वर्गणीतून काढली होती. डॉक्टरांच्या नावावर जमा करण्यासारख्या गोष्टी फार नसतात, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. महाराष्ट्रात लोकमान्यांच्या काळापासून शाळा, कॉलेजं, वृत्तपत्रं लोकांनी काढली, पण प्रयोगशाळा? लोकांच्या संस्थेनं मूलभूत संशोधन करायचं, हे इथं फारसं घडलं नव्हतं. आघारकर 1946 पासून 1960 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिचे संस्थापक संचालक राहिले.

त्या संस्थेत पुढे गव्हावर मोठं काम झालं. दख्खनच्या उष्ण हवेत गव्हावर तांबेरा पडतो, काळा खोडावर, नारिंगी पानावर, तीही बुरशीच. तांबेऱ्याला दाद न देणारे वाण काढायचे म्हणजे हजारो फुलांचे पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, पिशवी बांधायची, आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची. असे हंगाम दहा-बारा जातात. एमएसीएस 6222 हा सरबती गहू तिथलाच. सोयाबीनचे वाण तिथले, रसाच्या द्राक्षाचा एआरआय 516 हा वाणही तिथला. आणि खपलीचा बुटका वाण एमएसीएस 2971.

खपलीवरून आठवलं. हल्ली माझ्याकडे येणारा प्रत्येक तिसरा मधुमेही खपली गहू खाऊ का, असं विचारतो. बाजारात तो साध्या गव्हाच्या कितीतरी पट भावानं मिळतो आणि त्याच्या पिशवीवर काहीही लिहिलेलं असतं. त्याची गोष्ट जनुकांचीच आहे. रानटी गव्हाच्या पेशीत 14 गुणसूत्रं. त्याच्या आणि एका रानगवताच्या संकरातून, गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊन, खपलीचे पूर्वज झाले, 28 गुणसूत्रांचे. हजारो वर्षांपूर्वी शेताच्या बांधावर त्यांचा आणखी एका गवताशी आपोआप संकर झाला आणि 42 गुणसूत्रांचा आपला पोळीचा गहू आला. म्हणजे खपली हा पोळीच्या गव्हाचा काका. चवीला छान, तंतुमय भाग जास्त, सावकाश पचतो. पण तो पिष्टच आहे, औषध नव्हे. दोन पोळ्यांच्या जागी चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि सिलिअॅक आजार असलेल्यांनी, ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी, खपलीला हात लावायचा नाही. त्यात ग्लुटेन असतं. जुना गहू आहे म्हणून आईनं मुलाला हौसेनं खपलीचा सांजा भरवायचा आणि मुलाचं वजन पुन्हा उतरणीला लागायचं, असं होऊ शकतं.

गुणसूत्रं दुप्पट व्हायला निसर्गाला योग जुळून यावा लागतो. माणसाला त्याची युक्ती 1937 मध्ये सापडली: कोल्चिसिन नावाचं द्रव्य. पेशी विभागताना गुणसूत्रांच्या जोड्या ज्या दोऱ्यांनी दोन बाजूंना ओढल्या जातात, ते दोरे हे द्रव्य बनूच देत नाही. गुणसूत्रं दुप्पट झालेली, पण पेशी विभागलेलीच नाही, असं होतं. जगभरच्या वनस्पती प्रयोगशाळांत ते रोज वापरलं जातं. गाऊट या सांध्यांच्या आजारात आम्हीही ते देतो, अगदी मोजून.

तेच द्रव्य आपल्या कोकणात कळलावीच्या कंदात असतं. पावसाळ्यात कुंपणावर, जंगलाच्या कडेला पिवळी-लाल, ज्वाळांसारखी वर वळलेली पाकळ्यांची फुलं दिसतात, पानाच्या टोकाला वेलासारखा आकडा असतो, ती कळलावी. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. करांदे, कणगर यांच्याबरोबर चुकून हा कंद उकडून खाल्ला जातो. कधी कुणाच्या सांगण्यावरून औषध म्हणून घेतला जातो. पहिले काही तास काही होत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, आणि घरच्यांना वाटतं पोट बिघडलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं थकतात, रक्तातल्या पेशी झपाट्यानं कमी होतात. प्रयोगशाळेत रोपट्याच्या पेशीचं जे होतं, तेच माणसाच्या आतड्याच्या अस्तराचं आणि अस्थिमज्जेचं होतं: विभागणी थांबते. जो वाचतो त्याचे पंधरवड्यानं केस गळतात. याला हमखास उतारा नाही. जितक्या लवकर ओळखू तितकं बरं, कारण पुढे काय काय बिघडणार हे आधी माहीत असलं तर आधीच कामाला लागता येतं.

ओळखायचं कसं, हा खरा पेच. नातेवाईक एक अर्धवट उकडलेला कंद कागदात गुंडाळून आणतात. आम्ही डॉक्टर त्याच्याकडे नुसतं बघत बसतो. वैद्यकीय शिक्षणात वनस्पतिशास्त्र बारावीत संपतं. जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त सर फोनवर मिळाले तर नशीब, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: फूल आहे का? कंद दहा वनस्पतींचे सारखे दिसतात, पानं फसवतात. फूल फसवत नाही. एंग्लर यांच्या टेबलापासून आजच्या डीएनए यंत्रांपर्यंत सगळ्यांनी फुलावरूनच सुरुवात केली आहे. असे सर आता कमी होत चाललेत. वनस्पती ओळखण्याच्या शाखेकडे मुलं वळत नाहीत, त्यात नोकऱ्या नाहीत. वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटाला कुणी निधी देत नाही. आघारकरांच्या संस्थेत असा नमुन्यांचा संग्रह आहे आणि जागतिक सूचीत तो त्यांच्याच नावानं नोंदला आहे. त्यातला कोकणच्या सड्यावरून उचललेला एखादा पिवळा पडलेला कागद, सुकलेलं फूल चिकटवलेला, तारीख आणि गाव लिहिलेला, कधी कुणाच्या जिवाशी येऊन भिडेल सांगता येत नाही.

आघारकर 2 सप्टेंबर 1960 रोजी वारले. 1992 मध्ये विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि पत्त्यातला घोळ तेव्हापासूनचा.

आता भाद्रपदापर्यंत कळलावी फुललेली असते. घरात कुणी रानातला कंद खाल्ला आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर थांबू नका, लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात आणा. घरच्यांपैकी एकानं पेशंटबरोबर यावं. दुसऱ्यानं जिथून तो कंद खणला तिथं जावं आणि त्या जागेवरचा वेल मुळापासून वरपर्यंत, पानांसकट, फुलासकट उपटून, हात धुवून, प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन यावा.